ओसरीवरचा पलंग

“आजही खडा! रोज भातात खडा! तुले दिसत नाई, का मुद्दाम टाकतं? एखाद्या दिवशी दात पडन माझा, मंग बसतो पेशंटसमोर तोंडाले रुमाल लावून.”

हिरव्या पडद्याला लागून ठेवलेल्या बाकावर इंदुताई बसल्या होत्या, आणि पडदा धुऊन धुऊन इतका विरला होता की पलीकडचं जेवण जणू त्यांच्या मांडीवरच चाललं होतं. ताट सरकवल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई काहीतरी पुटपुटल्या. तांब्या आपटला. आता थोड्या वेळानं हाच माणूस हात पुसत बाहेर येणार, समोरच्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसणार आणि मऊ, पिंजलेल्या कापसासारख्या आवाजात सांगणार, ‘जे येतं ते येऊ द्या, ताई. अडवू नका. पाणी कधी दगडाशी भांडतं का?’ खरं तर इंदुताईंना हसू यायला हवं होतं. असल्या गोष्टींवर हसण्यात त्यांचा हात धरणारं चांदा शहरात कुणी नव्हतं. पण हसू आलं नाही.  मग त्यांना कळलं की आपण या माणसावर विश्वास ठेवला होता. वरवर थट्टा करत, घरी त्याच्या नकला करत, पण आतून ठेवलाच होता. आणि या शोधानं त्यांना स्वतःची जी किळस आली, ती डॉक्टरांच्या खड्यापेक्षा कितीतरी जास्त टोचली.

डॉक्टर गंपावारांना गावात चिनी डॉक्टर म्हणत. आधी ते साधे ताप-खोकल्याचे डॉक्टर होते, लाल औषध आणि पांढऱ्या पुड्या देणारे. मग कुठल्याशा शिष्टमंडळाबरोबर चीनला जायचा योग आला. तिथं तळ्याकाठच्या एका आरोग्यधामात त्यांना म्हणे एक म्हातारा वैद्य भेटला, आणि परत येताना त्यांनी एक थर्मास, डोंगरातल्या धबधब्याचं लांबट चित्र आणि ताओ आणला. ताओ म्हणजे वाट, असं ते सांगत. चांद्याच्या लोकांना वाट म्हणजे गडचिरोलीची वाट ठाऊक, पावसाळ्यात बंद पडणारी. तरी लोक यायचे. झोप न येणारा एक कापडवाल्याचा मुलगा यायचा, कोर्टात उभं राहिलं की घाम फुटणारे एक वकील यायचे, आणि आता म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंदुताई. दिवसही तसे होते. शाळेच्या फेरीत इंदुताईंनी स्वतः मुलींकडून हिंदी-चिनी भाई-भाईच्या घोषणा देववल्या होत्या, आणि घोषणा देताना चेंगटपणा करणाऱ्या मुलींना रागावल्याही होत्या. भावाच्या घरचं औषध म्हणून घेऊन बघायला काय हरकत होती?

पण इंदुताई इथवर आल्या त्या औषधासाठी नव्हे, एका पलंगामुळे.

दसऱ्यानंतरची गोष्ट. शाळा सुटून त्या घरी आल्या तर दारासमोर जंगलखात्याचा ट्रक उभा, आणि अर्धी गल्ली गोळा झालेली. अहेरीच्या लाकूडडेपोतून गुणवंतरावांनी पलंग पाठवला होता. गुणवंतराव म्हणजे इंदुताईंचे यजमान, रेंजर, आणि संक्रांतीनंतर ते पेन्शनीवर घरी येणार होते. जंगलात जन्म काढलेली माणसं निवृत्त होताना सागाचं काहीतरी बनवून घेतात, तसा हा त्यांनी बनवून घेतला होता. चांगला रुंद, दोन माणसं ऐसपैस झोपून वर तिसऱ्याला जागा उरेल असा. तो ओसरीवर ठेवला होता, कारण घराच्या दारातून आत जात नव्हता. सरळ नेऊन पाहिला होता, आडवा करून पाहिला होता, उभा करून पाहिला होता. सुटाही होईना, कारण डेपोतल्या सुतारानं जंगली पद्धतीनं सांधे ठोकून, वर लाकडाच्या मेखा मारून तो एकसंध केला होता. सोबत आलेला वनरक्षक लच्छू डोकं खाजवत म्हणाला, “साहेबानं दाराचं माप देल्लं होतं ना, बाई. रेस्टहाऊसच्या दाराचं. बोलले, दार म्हंजे दार, कितीक फरक पडन?”

साग दुरून पाहून तो कापल्यावर किती लाकूड निघेल ते अचूक सांगणारा माणूस हा. स्वतःच्या घराचं दार केवढं आहे हे त्याला आठवू नये! इंदुताईंना तेव्हा मात्र खरंच हसू आलं होतं. हसतच त्या चप्पल काढायला पलंगाच्या काठावर टेकल्या. नव्या सागाचा तो तेलकट, कडवट वास नाकात गेला, आणि श्वास अर्ध्यावर येऊन उभा राहिला. दारातल्या अनोळखी पाहुण्यासारखा, आत येऊ की नको असं विचारत. हात गार पडले. समोरची गल्ली, ट्रक, लच्छूचा खाकी डगला, सगळं काचेमागे गेलं. आपण मरतो आहोत, असं त्यांना अगदी स्वच्छ वाटलं. आणि त्यातही हे किती ओशाळवाणं आहे, गल्लीसमोर एका चपलेनिशी मरणं, असंही वाटलं.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. शाळेत हजेरी घेताना यायचं, जटपुऱ्याच्या वेशीखालून जाताना यायचं, कधी नुसतं भाजी निवडताना यायचं. नणंद रुखमाबाई, लहानपणीच विधवा होऊन भावाच्या घरी राहिलेली, तिनं पहिल्याच दिवशी निदान करून टाकलं. “एकटेपनाचा रोग होय हा. इतके वर्सं धनी जंगलात अन् तू इथी. आता येते ना गुणवंता घरी, मंग पाह्य, कसा पळते रोग तो!” शेजारणीही तेच म्हणाल्या. शाळेतल्या शिक्षिका तोंडाला पदर लावून तेच म्हणाल्या. दीर भैयाजी, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि पलीकडच्या आळीत राहत, ते येऊन म्हणाले, “वयनी, थोडा दम धरा. दादा आले का सारं बराबर होते.” सगळे इतक्या एकमतानं आणि इतक्या घाईघाईनं हे म्हणत, की इंदुताईंना वाटे, या सगळ्यांना काहीतरी झाकायचं आहे आणि सगळे मिळून एकाच चादरीचं एकेक टोक ओढत आहेत. काय झाकायचं आहे, याचा विचार मात्र त्या करत नसत. त्या विचारापाशी आल्या की त्या चष्मा पुसायला घेत.

गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. वाईट माणसाबद्दल चारचौघींत बोलता येतं. ते मारत नव्हते, पीत नव्हते, पोळ्याला आणि दिवाळीला नेमानं यायचे, येताना चारोळ्या आणि मध आणायचे, गावभर वाटायचे. लग्न झालं तेव्हा इंदूला दुसऱ्या बुकाएवढंच वाचता येत होतं. नव्या नवरीला घेऊन ते जंगलात गेले, पण दोनच पावसाळ्यांत तिला हिवतापानं असं घेरलं की त्यांनीच तिला चांद्याला आणून बहिणीजवळ ठेवलं. ती राहिलीच. मूल झालं नाही. मुलाच्या जागी आधी कंदील आला, मग पुस्तकं, मग परीक्षा, मग शाळा. कुणी शिकवलं नाही. चुकत, खोडत, लाजत ती शिकली आणि एका पावसाळ्यात तिच्या लक्षात आलं की पुढची खोली तिची झाली आहे. भिंतीला पुस्तकं, खिडकीशी टेबल, खाली सतरंजी. संध्याकाळी दिवा लावला की तो दिवा तिला ‘इंदूबाई’ म्हणून हाक मारत असे. अशी काहीतरी भाबडी कल्पना तिनं एकदा केली होती, आणि ती कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं माणूस घरात नव्हतं, आणि तेच सुख होतं.

यजमान रजेवर आले की घराचीही जंगलातल्यासारखी रेंज होई. ते सकाळी उठून घराभोवती चक्कर मारत, हातातल्या काठीनं इकडे तिकडे ठोकत. हे का ठेवलं, ते का वाढलं. एकदा परसातला रायआवळा त्यांनी नुसता न्याहाळला, सालीवर चाकूनं एक खाच मारली, आणि दुसऱ्या दिवशी इंदुताई शाळेतून आल्या तर झाड आडवं. “दाट झालं होतं वो. बाजूच्या लिंबाले उजेड भेटत नव्हता.” जंगलात तसंच करतात, काही झाडं वाढावीत म्हणून काही काढतात. त्यात राग नसतो, विचारणं नसतं. रायआवळा इंदुताईंनी स्वतः लावला होता. त्या संध्याकाळी त्यांनी आंबट तोंडानं आवळ्याचं लोणचं वाढलं, आणि यजमान म्हणाले, छान झालं आहे. रात्री ते उताणे झोपत, आणि त्यांच्या श्वासाबरोबर खोली लहान लहान होत जाई. रजा संपली की इंदुताई त्यांना मोटार स्टँडवर पोचवायला जात आणि मोटार गेल्यावरही धूळ खाली बसेपर्यंत उभ्या राहत. लोक म्हणत, केवढी माया! खरं कारण एवढंच, की मोटार परत फिरत नाही ना, हे त्यांना पाहायचं असे.

पडदा सरकला. डॉक्टर आले, थर्मासातलं नुसतं गरम पाणी पेल्यात ओतून त्यांनी एक पेला इंदुताईंसमोर ठेवला. साधं गरम पाणी, साखर नाही, पत्ती नाही; चीनमध्ये म्हणे असंच पितात. दातात अडकलेलं काहीतरी ते जिभेनं शोधत होते.

“कसं वाटतं, ताई?”

“तुम्हाला कसं वाटतं?” इंदुताई म्हणाल्या. घरचं बोलणं दाबून त्या नेहमी पुस्तकातली मराठी बोलत. ती त्यांना स्वकष्टाची वाटे.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते किंचित लाल झाले, पण आवाज पिंजलेलाच ठेवला. म्हणाले, ताई, तुमचा आजार हा धडपडीचा आहे. तुम्ही जन्मभर कामाच्या होत आलात. शाळेच्या कामाच्या, घराच्या कामाच्या. आता बिनकामाचं होऊन बघा. सरळ झाडावर सगळ्यांचा डोळा असतो, वाकड्या, पोकळ झाडाला कुणी हात लावत नाही. ते आपलं मजेत म्हातारं होतं.

“डॉक्टर, माझे यजमान रेंजर आहेत,” इंदुताई म्हणाल्या. “जंगलात आधी वाकडं झाड तोडतात. सरळ झाडाला जागा व्हावी म्हणून. त्याचा कोळसा करतात.”

डॉक्टरांनी पाण्याचा घोट घेतला. “चीनमध्ये...”

“चीनमध्ये रेंजर नसतील.”

बिचारे डॉक्टर! त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे चुकीचं गणित मोठ्यानं सांगून बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर येतं, आणि इंदुताईंना क्षणभर त्यांची दया आली. मग दयेचाही तिटकारा आला. तेवढ्यात डॉक्टर एकदम म्हणाले, तेही जरा चिडून, म्हणूनच बहुधा खरेपणानं, “ठीक आहे. माझं काही ऐकू नका. फक्त संक्रांतीपर्यंत काही ढकलू नका. जे तुम्हाला ढकलावं लागतं, ते करू नका. जे आपसूक होतं, तेवढंच होऊ द्या. नाही उतार पडला तर मला येऊन शिव्या द्या.”

शिव्या द्यायला मिळणार, या एकाच आशेनं इंदुताईंनी ते मनावर घेतलं. त्यांनी ते चोख केलं, एखाद्या मूर्ख वरिष्ठाचा हुकूम शब्दशः पाळून त्याची फजिती करावी तसं. पडवीतल्या घड्याळाला चावी देणं सोडलं. रुखमाबाईशी मिठावरून वाद घालणं सोडलं. शाळेत एका तपासनीस साहेबांची हांजी हांजी करणं सोडलं, आणि साहेब काहीसे घाबरूनच गेले. आणि सुताराला बोलावणं सोडलं. सुताराला बोलावून दाराची चौकट काढायची, बाजूची भिंत थोडी फोडायची आणि पलंग पुढच्या खोलीत घ्यायचा, असं घरात दसऱ्यापासून ठरलेलं होतं. पुढच्या खोलीतच, कारण दुसरीकडे तो मावत नव्हता. पुस्तकं मागच्या अंधाऱ्या खोलीत जाणार, टेबल माळ्यावर. हे सगळं ठरवताना इंदुताईंनी मान डोलावली होती. आता त्या नुसत्या बसून राहिल्या. आणि छाती शांत झाली.

याचाच त्यांना भयंकर संताप आला. इतक्या खुळचट उपायानं आपण बऱ्या व्हाव्यात? हिवतापाला कोयनेल कडू तरी लागतं. पण खरं होतं ते. श्वास येत होता, जात होता, दारात अडत नव्हता. थंडीचं ऊन ओसरीवर यायचं. पलंगावर रुखमाबाईनं मुगाच्या वड्या वाळत घातल्या, शाळेच्या मुली आल्या की त्यावर रांगेनं बसून पाय हलवायच्या, एक दिवस एक बकरी चढून बसली आणि रुखमाबाईनं तिला गुणवंतरावांच्या नावानं शिव्या घातल्या, “तुह्यासाठी बनवला काय वं त्यानं?” बाहेर होता तोवर पलंग चांगला होता. एका दुपारी इंदुताई स्वतः त्याच्यावर मांडी घालून बसल्या, वर्तमानपत्र वाचलं, लाकडावरून हात फिरवला. सुरेख रेघ होती सागाची. ज्यानं हे लाकूड निवडलं त्याला लाकूड कळत होतं. त्यानं निवडताना आपला विचार केला असेल का? केला असेल. हे मनात आलं तसा त्यांनी हात उचलला.

संक्रांत तोंडावर आली तेव्हा भैयाजी झिंगू सुताराला घेऊन आले. इंदुताई दारातच उभ्या राहिल्या.

“आज नको. डॉक्टरांनी सांगितलं आहे, काही ढकलायचं नाही.”

“वयनी, तुमाले कोन ढकलून राह्यलं? चौकट काढाची आहे.”

“चौकट काढणं म्हणजे ढकलणंच.”

भैयाजींनी बहिणीकडे पाहिलं. रुखमाबाईनं वड्यांकडे पाहिलं. झिंगूनं आभाळाकडे पाहिलं. चौघंही एका गोष्टीभोवती उभी होती आणि चौघांनीही तिला पाय लागू नये म्हणून अंग चोरलं होतं. “असं काऊन करता, वयनी?” भैयाजी हळूच म्हणाले, आणि उत्तर मिळायच्या आत घाईनं पुढं म्हणाले, “बरं बरं, तब्येतीचं आहे. मी डॉक्टरले पुसतो.” विचारलं खरं, पण उत्तर येण्याआधीच ते पळाले, याची इंदुताईंनी मनात नोंद केली, आणि आपणही उत्तर द्यायला तोंड उघडलं नव्हतं, याचीही केली.

पुढच्या खेपेला डॉक्टर वेगळे होते. थर्मास होता, धबधबा होता, आवाज होता, पण डोळे टेबलावरच्या टाचणीच्या डबीवर. म्हणाले, ताई, आता दुसरी पायरी. ताओमध्ये स्त्री ही दरीसारखी मानली आहे. दरी सगळ्यात खाली असते, म्हणून सगळं पाणी तिच्याकडे येतं. ती कुणाला नको म्हणत नाही. आता विरोधही सोडा. चौकट काय, लाकूडच. जाऊ द्या.

“मागे म्हणालात, ढकलू नका. आता म्हणता, दार फोडू द्या. ही कुठली दरी, डॉक्टर? भैयाजींच्या आळीतली?”

“तसं नाही...”

“तुमच्या त्या म्हाताऱ्या वैद्याचं लग्न झालं होतं का?”

“ताई,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा कापूस सोडून घरचा झाला, “संसार आहे हो. गावात राहाचं आहे. मी काय सांगू तुमाले?”

त्यांनी वर पाहिलं, आणि इंदुताईंना दिसलं की याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला आहे, आणि तो तिथं खड्यासारखा त्याला टोचतो आहे, आणि तो ना थुंकणार ना गिळणार. म्हणूनच याला ताओ लागला. जे बोलायची छाती नाही, ते पाण्यावर सोडून द्यायला. केवढी सोय! हजारो वर्षांची, डोंगरापलीकडची, रेशमी कापडावर काढलेली सोय! इंदुताईंना त्याचा असा तिरस्कार वाटला की त्या उठूनच उभ्या राहिल्या. पण पायऱ्या उतरताना, वेशीकडून येणाऱ्या धुळीत, त्यांच्या मनात आलं, त्याला एवढी अक्कल तरी होती. त्यानं मला गप्प बसायला सांगितलं आणि मी ते औषध म्हणून घेतलं. मी काय वेगळं केलं? इतके दिवस मी पलंगाला ओसरीवर ठेवलं आणि त्यालाच बरं होणं म्हटलं.

गुणवंतराव आले ते दुपारी, भैयाजींबरोबर, टांग्यातून. लच्छू पेटी घेऊन मागं. इंदुताईंनी मनात जो माणूस धरून ठेवला होता तो मोठा होता, काठी ठोकणारा. टांग्यातून उतरला तो त्या माणसाच्या कोटात घातलेला कुणी बारीक माणूस होता. खाकी कोट खांद्यावरून खाली ओघळला होता. गालांची हाडं वर आली होती. ते आले, ओसरीवर पलंग पाहिला, आणि दाराकडे पाहत राहिले.

“दार एवढं लहान होतं काय?”

“तेवढंच आहे, बाबू,” रुखमाबाई म्हणाली. “लगन करून याच दारातून आणलं होतं तू इले.”

लोक हसले. गल्लीतली चार माणसं जमली होती, झिंगू आपली पिशवी घेऊन आला होता, आणि डॉक्टर गंपावारही आले होते, रेंजर साहेबांना भेटायला म्हणून, पांढऱ्या धोतरात. इंदुताईंनी चहा आणला. गुणवंतरावांनी बशीत ओतला, आणि बशी कपाशी किणकिणू लागली. त्यांनी दुसरा हात लावला तरी किणकिणत राहिली. कुणी पाहिलं नाही, इंदुताईंनी पाहिलं. हा हात त्यांना ओळखीचा होता. वेशीखाली त्यांचाही असाच होत होता.

“झोप नाई येऊन राह्यली,” गुणवंतराव कुणाकडे न पाहता म्हणाले. “चार्ज देल्ला तेव्हापासून. तिथी जंगलात आवाज राह्यते. इथी काय करन मी दिवसभर? समजत नाई.”

“आराम करा, साहेब,” डॉक्टर म्हणाले. “वाहू द्या.”

इंदुताईंना जे वाटलं, ती भीती नव्हती. ती माया होती, आणि ती भीतीपेक्षा धोक्याची होती. या माणसाची बशी धरावी, पाठीवरून हात फिरवावा, म्हणावं की अहो, होतं असं, मलाही होतं, श्वास दारात उभा राहतो, मग येतो आत. एवढं म्हटलं असतं की सगळं आपसूक वाहत गेलं असतं. चौकट, पुस्तकं, दिवा, सगळं. काही ढकलावं लागलं नसतं.

गुणवंतराव चहा संपवून उठले. आत डोकावले. पुढच्या खोलीवरून त्यांची नजर फिरली, भिंतीवरून, टेबलावरून, खिडकीवरून, सावकाश, खाच मारायच्या आधी फिरते तशी. त्यात राग नव्हता. “हे पुस्तकं मागच्या खोलीत गेले का बसते पलंग,” ते म्हणाले. “खिडकीकडं डोकं. हवा येईन.” आणि ते म्हणताना जरा खूश झाले, कारण आल्यापासून पहिल्यांदा त्यांना काही करायला सापडलं होतं.

“चाल रे झिंगू,” भैयाजी म्हणाले.

सगळे बोलू लागले. चुना किती लागेल, चौकट पुन्हा बसेल की नवी करावी लागेल, भिंत जुनी आहे, जपून. असा साग आता मिळत नाही. डॉक्टर म्हणाले, पलंग खरोखर देखणा आहे. रुखमाबाई म्हणाली, घरात बाप्या माणूस पायजेच वो. आवाजावर आवाज चढत होते, जणू मध्ये फट राहिली तर तिच्यातून काही बाहेर येईल. इंदुताई दाराशी उभ्या होत्या. झिंगूनं चौकटीच्या आणि भिंतीच्या सांध्यात पटाशी लावली आणि हातोडा मारला. चुन्याचा पोपडा त्यांच्या पायावर पडला. श्वास आला आणि अर्ध्यावर थांबला. हात गार पडले. गल्ली काचेमागे गेली. त्या वाट पाहत राहिल्या, आता मरू म्हणून, मेल्या नाहीत. समोर यजमान उभे होते, चेहऱ्यावर तो नवा, लहान, कामाला लागलेला आनंद घेऊन, आणि त्यांना दुखवण्यासारखं त्या चेहऱ्यात काही एक नव्हतं.

“झिंगू, हात थांबव,” इंदुताई म्हणाल्या.

हातोडा थांबला. भैयाजी लगेच म्हणाले, “वयनीची तब्येत...” डॉक्टर लगेच म्हणाले, “ताई, आता नको, हळूहळू...” रुखमाबाईनं त्यांचा दंड धरला, घट्ट, आणि बोटांतूनच कळलं की हिलाही माहीत आहे, कधीपासूनच. इंदुताईंनी दंड सोडवून घेतला. आवाज फुटेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. फुटला, आणि तो शाळेतला नव्हता, पुस्तकातला नव्हता. माहेरच्या अंगणातला, कित्येक वर्षं न वापरलेला होता.

“मी आजारी नाई,” त्या यजमानांना म्हणाल्या. “तुम्ही मले या घरात नको.”